भातगिरणीतला ज्युडो आणि दामूशेठचा काटा

लोकांना पाडायचं आणि वर त्यांच्याकडूनच फी घ्यायची, असा माझा व्यवसाय. पनवेलमध्ये मी बरीच वर्षं ज्युडो शिकवला. लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई विचारते, तुम्ही काय करता? मी सांगते आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत बसते. ती आधी माझ्या साडीकडे बघते, मग चष्म्याकडे, आणि मग आपली खुर्ची वीतभर लांब सरकवते. नटांना टाळ्या मिळतात, मला ही वीतभर खुर्ची मिळते. मी तेवढ्यावर खूश असते.

खरं म्हणजे मला नाटकातच जायचं होतं. घरच्यांनी सांगितलं की चांगल्या घरातल्या मुली स्टेजवर तोंड रंगवून उभ्या राहत नाहीत. ज्युडोबद्दल मात्र आमच्या घरात कोणाला काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे त्याला नाही कसं म्हणायचं हेही कोणाला सुचलं नाही. वडिलांना तो शिवणकामासारखा काही प्रकार वाटला असावा, कारण मी जाड पांढऱ्या कापडाचा कोट घेऊन घरी आले तेव्हा त्यांनी विचारलं, हा तू शिवलास?

आणखी एक खुलासा आधीच करून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचा गोंधळ उडेल. वर्गात मला सगळे ‘सर’ म्हणत. पहिल्या वर्षीच्या पोरांनी याआधी बाई शिकवणारी असेल तर ती मराठी किंवा भूगोल शिकवते एवढंच पाहिलेलं. पाडणारा माणूस म्हणजे सर, असा त्यांचा हिशेब. मी दुरुस्त करायला गेले नाही, मला मजा वाटली. घरी फोन आला की पलीकडून विचारणा व्हायची, सर आहेत का? आमचे हे म्हणायचे, “आहेत, पोळ्या करतायत सर. धरा.”

आमचा वर्ग भरायचा बंद पडलेल्या एका भातगिरणीत. मालक दामूशेठ, मूळचे जवळच्याच ओवे गावचे. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, भात गेला, मग गिरणीही थांबली. पण त्यांनी ती विकली नव्हती. रोज संध्याकाळी येऊन दारातल्या खुर्चीत बसायचे आणि बंद यंत्रांकडे कौतुकानं बघायचे. ज्युडोच्या खऱ्या गाद्या परवडत नव्हत्या, म्हणून मी त्यांच्याकडे उरलेला भाताचा तूस मागितला, पोत्यांत भरला, पोती शेजारी शेजारी मांडून वर ताडपत्री ताणून बांधली. पडायला उत्तम. फक्त शिवण उसवली की तूस उडायचा. आमचे विद्यार्थी बाजारात लांबून ओळखू यायचे, केसांत तूस असायचा.

ज्युडो म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. त्यात मारामारी नाही. ठोसा नाही, लाथ नाही. समोरच्याच्या कोटाची कॉलर एका हातात धरायची, बाही दुसऱ्या हातात, त्याचा तोल कुठे आहे ते हातांनी शोधायचं आणि तो तोल काढून घ्यायचा. बस. पण हे शिकण्याआधी पडायला शिकावं लागतं. हनुवटी छातीला, श्वास बाहेर, आणि जमिनीवर हाताचा पंजा जोरात आपटायचा, म्हणजे धक्का पाठीला न बसता हातावाटे निघून जातो. नवीन माणसाला आम्ही बरेच दिवस नुसतं पाडतच ठेवतो. त्यातले निम्मे पळून जातात. मी हिंदी सिनेमासारखं काहीतरी दाखवीन या आशेनं आलेले, आणि इथे पंधरवडाभर ताडपत्रीवर आपटणं चाललेलं.

दुसरी गोष्ट अशी की ज्युडो एकट्यानं शिकता येत नाही. जोडीदार लागतो. त्याची कॉलर धरून, त्याच्या कपाळाला कपाळ लागेल इतकं जवळ उभं राहावं लागतं. समोरच्यानं दुपारी बोंबील खाल्ले की मुळा, ते पहिल्या श्वासाला कळतं. इतक्या जवळ आपण एरवी कोणाच्या जातो? म्हणून जोडी लावणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. विवाहमंडळ चालवणाऱ्यांना माझं दुःख कळेल.

सुरुवातीला मुलांची बॅच वेगळी, बायकांची वेगळी. मग दामूशेठनी सांगितलं की मला दोन-दोन वेळा कुलूप काढायला जमायचं नाही, तेव्हा एकच बॅच झाली. डावीकडे बायकांची रांग, उजवीकडे पुरुषांची. कपडे बदलायला पोत्यांची एकच खोली, तिला पडदा, आणि तिथे पाळीपाळीनं जायचं. पुरुषांच्या रांगेत शेवटी सनी उभा राहायचा. गव्हाण गावचा, कोळ्याच्या घरातला, किडकिडीत, बंदरावर कंटेनर मोजायचं काम करायचा. वर्गात नाव घालताना त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की शाळेच्या दाखल्यावर सुनीता आहे, पण मला सनी म्हणा आणि त्या रांगेत उभं करा. मी म्हटलं, उभा राहा. त्याहून जास्त काही बोलणं झालं नाही.

मग एक दिवस सनीची आई आली, डोक्यावर मासळीची पाटी. मला वाटलं, ही जाब विचारायला आली. मनातल्या मनात मी एक छोटंसं भाषण जुळवलं, त्यात ‘आजचा काळ’ आणि ‘मुलांचा आनंद’ असे शब्द होते. ती म्हणाली, “माजा सनी हितंच येतो ना? त्याची पँट गुडघ्यात फाटली. तुमी त्याला जरा बगून पाडा. दुसरी घेनार नाय मी.” आणि पाटीतला सुका जवळा मला देऊन निघून गेली. भाषण वाया गेलं. माझ्या आयुष्यात बरीच चांगली भाषणं अशी वाया गेली आहेत.

आणि त्याच वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला रेश्मा आली.

ती बाजारात एका टेलरकडे ब्लाउज शिवायची. ब्लाउजच्या बाबतीत पनवेलमधल्या बायका तिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकत. मापं घेऊन जायच्या, नवऱ्याच्या तक्रारी सांगून जायच्या. पण ती तृतीयपंथी होती हेही गावाला माहीत होतं. दुकानात ती चालायची, दुकानाबाहेर तिला कसं वागवायचं ते लोकांना ठरवता यायचं नाही. उंच, सडसडीत, गळ्यात टेप तशीच राहिलेली. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, तिला शिकायचं आहे. मी सगळ्यांना विचारते तसं विचारलं, कशासाठी?

“सर, पुलाखालून घरी जाते. पोरं ओढणी ओढतात, हात धरतात. मी एक चापट मारली तर सगळा बाजार म्हणणार, बघा, हे लोक असेच. पोलीसही माझंच नाव लिहिणार. म्हणून मारायचं नाही मला. फक्त हात सुटला पाहिजे.”

ज्युडो कशासाठी असतो ते मी इतकी वर्षं निरनिराळ्या शब्दांत सांगत आले होते. इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. मी म्हटलं, रांगेत उभी राहा.

आता कोणत्या रांगेत, हे मी बोलले नाही आणि तिनं विचारलं नाही. ती पुढे आली मात्र, बायकांची रांग हळूच डावीकडे सरकली, पुरुषांची उजवीकडे, आणि रेश्मा मधोमध राहिली, हायवेवरच्या दुभाजकासारखी. कोणी वाईट बोललं नाही. सगळे एकदम फार सभ्य झाले, आणि तेच वाईट होतं. जोड्या लावा म्हटलं की सगळ्यांना आधीच जोडीदार असायचे. कोणाचं मनगट लचकलेलं, कोणाचा कोट धुवायला टाकलेला.

मग मी तिला पडायला लावलं. ते एकट्यानं करता येतं. आणि काय सांगू, ती पडायची! मी पुष्कळ लोकांना पडताना पाहिलंय, रेश्मासारखं कोणी पडलं नाही. उंच माणसं घाबरून पडतात, त्यांना जमीन लांब वाटते. ही चादर पसरावी तशी पडायची, आणि हात असा आपटायची की बंद यंत्रांचे पत्रे वाजायचे. मी एकदा शाबासकी दिली तर म्हणाली, “सर, आमच्यात टाळी दोन हातांची. तुमच्यात एका हाताची. एवढाच फरक.” सनी इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. बाकीच्यांनी हसायचं की नाही ते ठरवण्यात वेळ घालवला.

पण नुसतं पडून हात सुटत नाही. त्यासाठी कोणीतरी तो धरावा लागतो. मी तिच्याबरोबर उभी राहायचे, पण मला सगळा वर्ग बघायचा असायचा. मला दिसत होतं की एक दिवस ती मी दिलेला ज्युडोचा ड्रेस धुऊन, इस्त्री करून परत आणून देणार आणि वर्ग सोडणार.

त्या दिवसांत मी रोज पोळ्या लाटताना स्वयंपाकघरातल्या भिंतीसमोर एक भाषण म्हणायचे. माणुसकी, समता, सगळं होतं त्यात. आमचे हे बाहेरून म्हणायचे, आवाज चढव, शेवटच्या रांगेला ऐकू येत नाही. मग मी विचार केला की सभ्य माणसांना भाषणानं काही होत नाही, ती भाषणही सभ्यपणे ऐकतात. त्यापेक्षा ज्युडोचाच नियम लावू. स्पर्धेत जोडी वजनावर लागते. हलक्याला हलका, जडाला जड. रांगा मोडायच्या, वजनावर एकच रांग करायची आणि शेजारच्यांची जोडी. आणि गिरणीत कोपऱ्यात भाताची पोती मोजायचा मोठा काटा होताच. खाली लोखंडी पाट, वर दांडी, दांडीवर सरकणारं वजन. दामूशेठ रोज तो फडक्यानं पुसायचे.

मी वर्गाला सांगितलं, आज सगळ्यांनी काट्यावर उभं राहायचं.

मला वाटलं होतं, कोणीतरी रेश्माचं नाव न घेता रेश्माबद्दल काहीतरी म्हणेल. मी तयारीत होते. पण रेश्माचा विषय त्या क्षणी वर्गातून नाहीसाच झाला. बायका एकजुटीनं उठल्या, आणि त्यांच्या पुढे वैद्य बाई.

वैद्य बाई नगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या. पस्तिशीच्या आतल्या अर्ध्या पनवेलला त्यांनी पाढे शिकवले होते. डॉक्टरांनी फिरायला जा म्हटलं होतं, पण फिरताना प्रत्येक कोपऱ्यावर जुने विद्यार्थी भेटून नमस्कार करत, व्यायाम व्हायचाच नाही, म्हणून त्या ज्युडोला आल्या. पडण्याचा त्यांना मनापासून कंटाळा. पडायची वेळ आली की त्यांची चपलेची पट्टी तुटायची, चप्पल पायात नसतानासुद्धा.

त्या म्हणाल्या, हे काय रेशनचं दुकान आहे? दुसरी म्हणाली, घरी नवऱ्यालासुद्धा आकडा सांगितलेला नाही. पुरुषांच्या रांगेतून एक दूधवाला म्हणाला की आज गुरुवार, गुरुवारी वजन करत नाहीत. असं काही असतं हे मी पहिल्यांदाच ऐकलं. मी शब्द दिला की आकडा कोणालाही सांगणार नाही. दांडीवर टॉवेल टाकीन, मी एकटी बघीन आणि प्रत्येकाला फक्त कुठे उभं राहायचं ते सांगीन.

तेवढ्यावर तडजोड झाली. एकेक जण काट्यावर चढला. कोणी कोट काढला, कोणी बांगड्या काढल्या, एकीनं केसांतला चाप काढून माझ्या हातात दिला. मी टॉवेलखाली डोकं घालून, जुन्या फोटोग्राफरसारखी, बघत होते आणि बोटानं जागा दाखवत होते. सनी सगळ्यात पहिला, अगदी हलका. रांग लांबत गेली. आणि मग माझी चूक सगळ्यांच्या एकदम लक्षात आली. आकडा मी सांगितला नव्हता, पण रांगच सगळं सांगत होती. जो तो आपल्या पुढे कोण आणि मागे कोण ते बघत होता.

वैद्य बाईंनी पाहिलं. त्यांच्या पुढे रेश्मा. त्यांच्याहून हातभर उंच, आणि तरी त्यांच्या पुढे, म्हणजे त्यांच्याहून हलकी.

“मी हिच्यापेक्षा जड?” बाई म्हणाल्या. “हा काटा खोटा आहे.”

दारातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दामूशेठ उठले होते. ते त्या दिवशी मला एक गोष्ट सांगायला आले होते. आळीतल्या नवरात्र मंडळाच्या पोरांनी त्यांना गाठून सांगितलं होतं की गिरणीत कसली कसली माणसं यायला लागली, बरं दिसत नाही, जागा रिकामी करा. सकाळपासून ते मला हे कसं सांगावं याचा विचार करत होते, तोंडात शब्द घोळवत बसले होते. आणि त्यांच्या कानावर पडलं की काटा खोटा.

गिरणीवाल्याला तुम्ही काहीही बोला. तो कंजूष आहे म्हणा, भांडखोर म्हणा. काटा खोटा म्हणू नका. त्या एका शब्दावर गावं तुटलेली आहेत.

“कोन बोलला?” ते ताडपत्रीवर आले, चपला घालून, जे माझ्या वर्गात मी राष्ट्रपतींनाही करू दिलं नसतं. “माज्या बापानं या काट्यावर आख्ख्या भागाचा भात मोजला. पार आपटा गावापासून गाड्या यायच्या. एक मानूस बोलला नाय काटा खोटा. आनि आज मास्तरीन बोलते?”

बाई म्हणाल्या, मग गंजला असेल. दामूशेठनी कोपऱ्यातून सरकारी शिक्क्याची लोखंडी वजनं ओढून आणली. घाम गाळत एकेक पाटावर ठेवलं. वरचं वजन त्याच आकड्यावर सरकवताच दांडी सरळ झाली, सुईच्या टोकाइतकीही झुकली नाही. त्यांनी टॉवेल ओढून फेकून दिला आणि सगळ्यांना जवळ बोलावून दाखवलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणाले, “आता चढा, बाय.”

“माझ्या केसांत तूस आहे,” बाई म्हणाल्या. “तो धरायचा नाही.”

“नाय धरला.”

“आणि कोट घामानं ओला आहे.”

“तो बी नाय धरला. चढा.”

बाई चढल्या. दामूशेठनी वजन सरकवलं, बघितलं, आणि ते खानदानी माणूस, आकडा बोलले नाहीत. फक्त मान हलवून बाईंना त्यांची जागा दाखवली. रेश्माच्या मागची. नंतर वर्गाकडे वळून त्यांनी जाहीर केलं की हा काटा बोलतो तीच जोडी, आणि कोणाला शंका असेल तर त्यानं आत्ता बोलावं. कोणाची छाती होती?

वैद्य बाई चिडलेल्या होत्या. रेश्माच्या असण्यावर नव्हे, तिच्या हलक्या असण्यावर. त्यांनी तिची कॉलर धरली, ज्या कॉलरला इतक्या दिवसांत माझ्याशिवाय कोणी हात लावला नव्हता. आणि मी शिकवलं होतं त्यातलं काहीही नीट न करता, नुसत्या रागावर, त्यांनी तिला पाडलं. रेश्मा पडली ती अशी सुंदर, असा काही आवाज, असा तुसाचा धुरळा, की बाईंना वाटलं आपण केवढा पराक्रम केला. त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग चष्मा पुसला. त्या दिवशी त्या रेश्माला पाडतच राहिल्या. घरी जाताना म्हणाल्या, “आज मला फार बरं वाटतंय. कोणा-कोणाची आठवण काढून पाडलं.”

वर्ग सुटल्यावर दामूशेठ मला म्हणाले की सांगायचं ते राहूनच गेलं. मग सांगितलं. “मी अजून जागा मागत नाय, बाय. पन मंडळाची पोरं येतील. आमी त्यांच्यातच ऱ्हातो. ते बोलले आनि तुमच्या वर्गातली बायामान्सं बी तेच बोलली, तर माजा नाइलाज हाय.” हे रेश्मानंही ऐकलं. ती पडद्याआड ड्रेसची घडी घालत होती.

पुढचे काही आठवडे तिची आणि बाईंची जोडी गावभर झाली. दोघी एकत्र भाजी घ्यायच्या. बाईंच्या ब्लाउजचे हात रेश्मानं न विचारता सैल करून दिले. पण एक गोष्ट मला टोचत होती. रेश्मा फक्त पडायची. तिची पाळी आली की म्हणायची, बाई, तुम्हीच करा अजून एकदा. मी रागावले तर हळूच म्हणाली, “सर, मी बाईंना उचललं आणि त्यांना काही झालं तर? लोक काय म्हणतील मला माहितीय.” म्हणजे पुलाखाली ज्या भीतीनं तिचा हात अडकायचा, तीच भीती ताडपत्रीवरही तिचा हात धरून बसली होती. ती पडण्यात उस्ताद होत चालली होती आणि हात काही सुटत नव्हता. मला काही सुचत नव्हतं. काटा यावर उत्तर देत नाही.

नवरात्र जवळ आलं तेव्हा मंडळाची पोरं आली. अध्यक्ष संतोष, पांढरा कडक शर्ट, डोक्यावर गॉगल. मंडळाला मंडपाचं सामान ठेवायला जागा हवी होती हे सगळ्या आळीला माहीत होतं, पण तो विषय त्यानं काढला नाही. तो फार गोड बोलला. मॅडम, आमचा कोणालाही विरोध नाही. सगळ्यांना जगायचा हक्क आहे. पण इथे आपल्या आयाबहिणी येतात, त्यांना अवघडल्यासारखं होतं, त्यांच्या तक्रारी आल्यात. एक तर त्या व्यक्तीचं येणं बंद करा, नाहीतर दामूशेठ वर्ग बंद करतील. दामूशेठ खुर्चीत बसून छपराकडे बघत होते. रेश्मा कुठे दिसत नव्हती.

माझं स्वयंपाकघरातलं भाषण तयार होतं. मी एक पाय पुढे टाकला, श्वास घेतला, आणि मागच्या नळावरून आवाज आला.

“संतोष, कोणत्या आयाबहिणी?”

वैद्य बाई तोंड पुसत येत होत्या. पांढरा कोट, कमरेला पट्टा, केसांत तूस. संतोषचा गॉगल डोक्यावरून खिशात कधी गेला ते मला दिसलंसुद्धा नाही.

“बाई, तुम्ही इथे?”

“मी विचारलं त्याचं उत्तर दे.”

“म्हणजे... सगळ्याच.”

“एक नाव सांग.”

त्याच्याबरोबरचे दोघे हळूहळू दाराच्या दिशेनं सरकले. त्यांनाही पाढे बाईंनीच शिकवले असावेत.

“मी या वर्गातली बाई आहे,” वैद्य बाई म्हणाल्या. “तक्रार करायचीच तर माझी एक आहे. रेश्मा मला आज दिसत नाहीय. ती गेली तर मी कोणाला पाडू? तुला?”

संतोषनं दामूशेठकडे बघितलं. दामूशेठ म्हणाले, “माज्याकडं नको बगू. मी बायामान्सांचं आयकनार बोललो होतो. आयकतोय.”

पण संतोष अध्यक्ष होता, त्याला रिकाम्या हातानं जाता येत नव्हतं. तो म्हणाला, “बाई, तुम्ही तिला पाडता ते ठीक. पण उद्या तिनं तुमच्यावर हात टाकला आणि काही झालं, तर जबाबदार कोण?”

पडदा हलला. रेश्मा आतच होती, साध्या कपड्यांत, आणि तिच्या हातात इस्त्री केलेला ड्रेस होता. तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्या मनातलं वाक्य संतोषनं तिच्या तोंडावर मोठ्यानं म्हटलं होतं. तिनं ड्रेस माझ्यापुढे धरला.

तो मी घ्यायच्या आधी बाईंनी घेतला, झटकला, तिची इस्त्री मोडली आणि तिच्या खांद्यावर टाकला. “घाल हा. संतोषनं बरी आठवण केली. तू अजून माझ्यावर हात टाकलाच नाहीस.”

ती आत गेली आणि किती वेळ बाहेरच येईना. मी तेव्हाही भाषण काढलं नाही. मला ओळखणाऱ्यांना याची किंमत कळेल. ती आली तेव्हा पट्टा उलटा बांधला होता. बाई समोर उभ्या राहिल्या. नमस्कार झाला. रेश्मानं त्यांची कॉलर धरली, बाही धरली, दोन्ही सोडली आणि पुन्हा धरली. दामूशेठ उठून उभे राहिले. संतोष दारातून हलला नाही.

मग ती वळली, आणि बाई गेल्या.

बाईंनी पडण्याची जी जी टाळाटाळ केली होती ती सगळी त्या पडण्यात उतरली. पाय एकीकडे, चष्मा दुसरीकडे, एक पोतं उसवलं आणि तूस उसळला. पण डोकं टेकलं नाही. पाडणाऱ्यानं समोरच्याची बाही शेवटपर्यंत सोडायची नसते, वर ओढून धरायची असते, त्यामुळे डोकं वाचतं. रेश्मानं बाही दोन्ही हातांनी धरली होती. बाई ताडपत्रीवर, हात वर टांगलेला.

“रेश्मा,” बाई खालून म्हणाल्या, “डोळे उघड. मी जिवंत आहे.”

तिनं खरंच डोळे घट्ट मिटून घेतले होते. पूर्ण वेळ. तिनं एक उघडला, मग दुसरा. खाली बघितलं, आपण कोणाला पाडलंय ते.

“पाडताना बघायचं असतं गं,” बाई म्हणाल्या. “नाहीतर त्यात मजा काय?”

रेश्मानं त्यांना बाहीनं वर ओढून उभं केलं. त्यांच्या पाठीवरचा तूस झटकला, चष्मा शोधून दिला. दारात कोण उभं आहे तिकडे तिनं पाहिलंही नाही. तिनं पुन्हा बाईंची कॉलर धरली, या वेळी पहिल्याच खेपेला पक्की.

“मग आता बघून करते,” ती म्हणाली.